मोटारीवरचा लाल दोरा

६ फेब्रुवारी

बेअरिंगच्या दुकानदाराने नव्या वर्षाची म्हणून ही डायरी दिली, तेव्हा मी ती टेस्टिंगच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली होती. आज बाहेर काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय, पण इलाज नाही. पोरीने प्रश्नच तसा विचारलाय.

वेगळी राहणारी पोरगी काल आली होती. ती आणि चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा चार वर्षं बरोबर आहेत. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला गृहस्थ, पण सासरा होऊ घातलेल्या माणसाला सगळे मुलगेच दिसतात. मी त्याला चष्मेवाला म्हणतो. आता लग्नाचं ठरवायची वेळ आली, तर ही मला विचारते, "बाबा, आधी तो बोलायला लागला की मी ऐकतच बसायचे. जेवण गार व्हायचं. आता तो बोलतो आणि मी मोबाईल बघते. हे संपत आल्याचं लक्षण का? तुमचं आणि आईचं कधी असं झालं?"

"आमच्या वेळी मोबाईल नव्हते," मी म्हणालो.

"विनोद नको बाबा. मला खरंच भीती वाटते."

हे वाक्य तिने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी मोठ्याने. म्हणजे खरंच भीती वाटत असणार.

मी मोटारी, म्हणजे पंख्यांच्या, मशीनच्या विजेच्या मोटारी, दुरुस्त करणारा माणूस. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारला, आज स्वतःच्या दुकानावर स्वतःची पाटी आहे, आणि हे सगळं या दोन कानांच्या जोरावर. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची. मोटार आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगते. गेल्या वर्षभरात माझ्या हातून गेलेली एकही मोटार परत आलेली नाही. एकही! अशा माणसाला स्वतःच्या संसाराचा आवाज कसा आहे, ते पोरीला सांगता येईना. म्हणून थोडं थोडं लिहून बघतो. काही हाताला लागलं तर तिला सांगेन.

९ फेब्रुवारी

संसाराचा आवाज ऐकायला बसलो आणि पहिल्या झटक्यात कळलं की तो फार चढलाय.

आमची ही पूर्वी इतकं हळू बोलायची की समोरच्याला आपोआप जवळ सरकावं लागे. मी तसाच सरकत सरकत तिच्यापर्यंत पोचलो. आणि आता? "अहो, टॉवेल!" असं ओरडते की शेजाऱ्यांनीही टॉवेल शोधावा. एकेक गोष्ट तीनतीनदा सांगते. मी म्हटलं, "एवढी चिडतेस कशाला?" तर म्हणाली, "चिडले नाही हो!" तेही ओरडूनच.

उलट एका बाबतीत जवळीक वाढलीय. जेवताना ती नेहमी समोर बसायची. हल्ली खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताला बसते. रस्त्याने चालतानाही वळसा घालून उजवीकडेच येते. इकडे ओरडा आणि इकडे खेटून बसणं. मोटारीत अशी दोन उलटसुलट लक्षणं दिसली तर शाफ्ट वाकलाय म्हणून मोकळा होतो. बायकोत दिसली तर काय म्हणायचं?

जाता जाता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद झालीय, वेळ मात्र अचूक दाखवतं. वस्तू खरंच सुधारल्या हल्ली.

१२ फेब्रुवारी

ही वर्षभरापासून रोज दुकानात येते, ते लिहायचं राहिलं. शिवणकामाच्या ऑर्डरी घेणं बंद केलं आणि म्हणाली, घरी करमत नाही. उसवलेले कपडे, सुया, दोरे अशी पिशवी घेऊन टेस्टिंगच्या टेबलाजवळ स्टुलावर बसते. तात्या, म्हणजे माझा जुना कारागीर, तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवतो. वीस वर्षांत माझ्यासाठी कधी पुसलं नाही. अकराला मी कोपऱ्यावर चहाला जातो. परत येतो तेव्हा दोघं मास्तर वर्गात आल्यावर पोरं बसतात तशी साळसूद बसलेली असतात.

तिचा त्रास एवढाच, की लाल दोरे. जिकडे तिकडे लाल दोरे. दुपारी जेवून आलो तर मोटारींच्या बोल्टलासुद्धा गुंडाळलेले. काल दोन मोटारींवरचे ओढून फेकले. "अगं, दोऱ्यांची पिशवी मोटारींवर उपडी करतेस का?" म्हटलं. तात्याला खोकला आला. ती म्हणाली, "सांडला असेल हो."

खरं सांगायचं तर ती येते याचं बरं वाटतं. पण शंकाही येते. बायको चौतीस वर्षांनंतर अचानक नवऱ्यावर नजर ठेवायला लागते ती कशासाठी?

१५ फेब्रुवारी

पोरीच्या प्रश्नाला मुळापासून भिडावं म्हणून आज आरंभ आठवत बसलो.

मी सव्वीस वर्षांचा. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, उभं राहिलं की डोकं आपटायचं. समोर कपडे शिवायचं दुकान, तिथे ही कामाला. एक दिवस शिलाई मशीनची मोटार हातात घेऊन आली. "मिस्त्री, बंद पडली." बघतो तर एक स्क्रू ढिला. घट्ट केला, दिली. आठ दिवसांनी पुन्हा, "मिस्त्री, बंद पडली." तोच स्क्रू. आता हा स्क्रू आपणहून ढिला होणाऱ्यातला नाही, आणि त्याच्या खाचेवर ताजा ओरखडा होता. कुणीतरी लहान हाताने, बहुधा कात्रीच्या टोकाने, फिरवलेला.

मी काही बोललो नाही. चेहरा गंभीर केला. "भारीच बिघाड आहे. दोन तास लागतील," म्हणालो आणि अख्खी मोटार उघडून बसलो. ती स्टुलावर. तिसऱ्यांदा आली तेव्हा स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्या कानाशी धरली. तिने डोळे मिटले. "आत कुणीतरी गुणगुणतंय," म्हणाली, इतकं हळू की मला जवळ सरकावं लागलं.

पोरगी डेटिंग म्हणते ते आमचं असं, एका स्क्रूवर झालं. तो स्क्रू तीच ढिला करायची हे मला ठाऊक होतं, हे तिला आजवर ठाऊक नाही. कशाला सांगा? आयुष्यभर पुरेल असं गुपित आहे.

खुशीत असली की ती मला लग्नानंतरही "मिस्त्री" म्हणायची. लिहिता लिहिता लक्षात आलं, गेल्या वर्षभरात ते कानावर आलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

काल चष्मेवाला जेवायला आला. गुणी आहे, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. बिचारी ही दुभाष्यासारखी त्याचं प्रत्येक वाक्य मला पुन्हा सांगत होती. गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होता. माणसं म्हणे पाच-पाच वर्षं पेपर हात लांब करून वाचतात, हात पुरेनासा झाला की दुकानात येतात, आणि वर म्हणतात, "हल्ली अक्षरंच बारीक छापतात हो."

मी इतका हसलो की ठसका लागला. माणूस स्वतःला किती म्हणून फसवतो! बाकी कुणी हसलं नाही. ही ताटात बघत होती.

जेवणानंतर मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. हल्ली या घरात सगळ्या गोष्टी एक तर ओरडून होतात नाहीतर कुजबुजून. मी दारात आलो तर ही डोळे पुसत होती. पोरीचा आवाज चिडली की चढतो, म्हणून एवढं मात्र स्वच्छ ऐकलं, "अजून किती दिवस ओढणार आई? एकदा सांगून टाक त्यांना."

मला बघून दोघी भांडी लावायला लागल्या.

काय सांगून टाक? मी मूर्ख नाही. बाई ओरडते, रडते, नजर ठेवते, लाडाने हाक मारत नाही. कंटाळलीय माझ्याशी राहून. आणि पोरगी मला विचारते, तुमचं कसं टिकलं म्हणून!

२२ फेब्रुवारी

पोरीला ताप आलाय म्हणून ही काल तिच्याकडे गेली. तापच असेल. पण जाताना आठवडाभराचे कपडे घेतले, आणि मला ते निघून जाण्याच्या सरावासारखं वाटलं.

घर इतकं शांत कधी नव्हतं. कशाचाही आवाज नाही. शेजारचे गृहस्थ सकाळी खिडकीवर थापा मारत होते. म्हणे पाऊण तास बेल वाजवतोय. ही बेल तिसऱ्यांदा उघडून बघितली, काही दोष सापडत नाही.

स्टुलावर कुणी नसलं की दुकानात हात चालत नाही, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

आज लाँड्रीवाल्या बाईंची मोटार पूर्ण झाली. हॉटेलांच्या चादरी पिळायचं मोठं मशीन आहे त्यांचं, त्याची. चालू केली, मूठ कानाला लावली. लोण्यासारखी! तात्या म्हणाला, "मालक, पुन्हा एकदा बघू का मी?" मी त्याला झापलं. "तू वाइंडिंग भर. ऐकायचं काम माझं." तो बराच वेळ हात पुसत उभा राहिला. मग मोटार गाडीत चढवली.

२६ फेब्रुवारी

मोटार परत आली.

लाँड्रीवाल्या बाई स्वतः घेऊन आल्या, कोपरापर्यंत बाह्या ओल्या. बेअरिंग जाम, मशीनमधून धूर, आणि दोन हॉटेलांच्या चादरी त्यांनी बायका लावून हाताने पिळल्या. मी शरमेने खाली बघत होतो. बाई भल्या, ओरडल्या नाहीत. म्हणजे ओरडल्या, पण सगळे ओरडतात तेवढंच.

"भाऊ, एक विचारू? ही बाईंनी ऐकली नव्हती का?"

"कोणत्या बाईंनी?"

"तुमच्या घरच्या. मागच्या दोन्ही वेळी मी आले तेव्हा त्याच तर ऐकत होत्या, तो लांब स्क्रूड्रायव्हर लावून. मला वाटलं, शेवटची तपासणी आता त्याच करतात."

मी तात्याकडे बघितलं. तात्या छताकडे.

बाई गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि त्याला समोर बसवलं. त्याने कबूल केलं. वर्षभरापूर्वी माझ्या हातून दोन मोटारी अशाच गेल्या होत्या. त्याने त्या मला न सांगता परस्पर नीट करून दिल्या, आणि हिला सांगितलं. तेव्हापासून मी चहाला गेलो की ती एकेक मोटार ऐकते. जिच्यात बारीक शीळ ऐकू येते तिच्या बोल्टला लाल दोरा बांधते. मी जेवायला घरी गेलो की तात्या दोऱ्याची मोटार उघडतो, बेअरिंग बदलतो. मग मी येतो, ऐकतो आणि म्हणतो, लोण्यासारखी.

"मालक, बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत," तात्या म्हणाला. माझ्या उजव्या बाजूला येऊन, मोठ्याने.

मी एकही मोटार परत आली नाही म्हणून छाती काढून फिरत होतो. छाती माझी, कान तिचे.

२७ फेब्रुवारी

ती काल संध्याकाळी परतली. तात्याने फोन केलेला असणार, कारण चपला काढायच्या आधीच माझा चेहरा बघून म्हणाली, "कळलं ना?"

मी रागावणार होतो. दुपारभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "तू मला सोडून चालली नाहीस ना?"

ती दारातच खाली बसली आणि हसायला लागली. मग रडायला लागली. मग म्हणाली, "सोडून जायचं असतं तर घसा कशाला फाडला असता? वर्षभर ओरडतेय. आपल्याकडे आज कोणती भाजी आहे ते सगळ्या गल्लीला माहीत असतं."

"मग सांगितलं का नाहीस? चारचौघांत मला येडा बनवलंस."

"कसं सांगणार? तुम्ही दर माणसाला कानांच्याच गोष्टी सांगता. तुमच्याकडून तेवढं काढून घेतलं तर तुम्ही दुकानात पाऊल टाकाल का, याची भीती होती. पोरगी रोज ओरडायची, सांग म्हणून. माझ्याच्याने झालं नाही."

"तरी लपवायचं?"

"तुम्ही नाही लपवलंत?"

"मी काय लपवलं?"

"शिलाई मशीनचा स्क्रू." ती डोळे पुसत होती आणि हसतही होती. "एका स्क्रूला दोन तास लागत नाहीत, एवढं मलाही कळत होतं हो. मी म्हटलं, हा माणूस ओळखूनही काही बोलत नाही, उलट सगळी मोटार उघडून बसतो. याच्याशी लग्न करायला हरकत नाही."

चौतीस वर्षं मी समजत होतो की गुपित माझ्याकडे आहे.

मी हळूच विचारलं, "आणि मिस्त्री म्हणणं का सोडलंस?"

ती उठली. मग माझ्या उजव्या कानाजवळ आली. "रोज म्हणते. सकाळी चहा ठेवताना. ते ओरडून म्हणायचं नसतं ना."

४ मार्च

चष्मेवाल्याच्या ओळखीने कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर झाकणं लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी उभी हयात बाजारात काढलेला माणूस. पाच मिनिटांत ओळखलं की तपासणारी मुलगी आवाज सोडताना मान जरा खाली घालते. तिने मान घातली की मी बटण दाबत होतो. एकदम झकास चाललं होतं. मग तिने नुसतं नाक खाजवायला मान खाली घातली आणि मीही बटण दाबलं.

ती खोलीत आली. "काका, हे काय चाललंय?"

मागे चष्मेवाला उभा होता. म्हणाला, "मी सांगतो. आमच्याकडेही लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात." हे त्याने माझ्या उजवीकडून, तोंड समोर धरून, सावकाश म्हटलं आणि मला पहिल्यांदाच त्याचं सबंध वाक्य कळलं. मग मला तिथून पाठमोरं बसवलं. पाठमोरा बसलो तेव्हा बराच वेळ बटण दाबायची वेळच येईना.

बाहेर बाकावर तो माझ्याशेजारी बसून राहिला, काही न बोलता. आमच्याबरोबर आलेली पोरगी समोर होती. मोबाईल तिच्या हातात होता, पण ती त्याच्याकडे बघत होती.

११ मार्च

कानाचं मशीन मिळालं. शेंगदाण्याएवढं. यात मोटार कुठे बसवली असेल म्हणून उघडून बघणार होतो, हिने हातावर चापट मारली.

घरी आलो तर भिंतीवर कोणीतरी ठोकतंय. घड्याळ! ते बिचारं आपलं टिकटिक करतच होतं. बेलही वाजते, चांगली कर्कश वाजते. तिची बदनामी केली त्याबद्दल माफी. खिडकीत चिमण्या आहेत. ही वर्षभर त्यांना पाणी का ठेवते, हे मला कोडं होतं. आणि माझे स्वतःचे जोडे किती वाजतात!

संध्याकाळी पोरगी एकटीच आली. मी म्हटलं, "तुझ्या प्रश्नावर महिनाभर लिहितोय, पण उत्तर म्हणावं असं सापडलं नाही."

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी बाकावर मला कळलं, तो बोलतो तेव्हा मी हल्ली ऐकत नाही हे खरं. पण तो गप्प झाला की मला लगेच कळतं, का ते. पहिल्या वर्षी हे येत नव्हतं." मग म्हणाली, "लग्न जूनमध्ये करू म्हणतोय."

हे सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. मला एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही. या मशीनबद्दल आभार कोणाचे मानायचे? तात्याचे, लाँड्रीवाल्या बाईंचे, नाक खाजवणाऱ्या मुलीचे. यादी लांब होत जाते आणि फिरून घरातच येते.

१५ मार्च

तीन दिवस दुकानात मी आणि तात्या. काल एका पंख्याच्या मोटारीत बारीक शीळ मी स्वतः पकडली. तात्याला मिठी मारणार होतो, तो दोन पावलं मागे सरला.

पण स्टूल रिकामं. हिने पिशवी घरात खुंटीला अडकवलीय. "आता तुम्हाला येतं की ऐकू. मी येऊन काय करू?" असं सहज म्हणाली. सहज म्हणाली, पण आता मला बारीक आवाजही ऐकू येतात.

लाल दोरे कुठे दिसत नाहीत. दुकान ओकंबोकं वाटतं.

१७ मार्च

काल ती बाजारात गेली असताना तिच्या शिलाई मशीनपाशी बसलो. जुनीच मोटार, जुनाच स्क्रू. तिच्याच कात्रीच्या टोकाने तो ढिला केला. खाचेवर ओरखडा नीट उमटेल असं बघितलं.

आज दुपारी मी पाठ करून काम करत होतो. तात्याने उगाच खोकून दाखवलं आणि स्टूल पुसायला घेतलं. मग मागून आवाज आला.

"मिस्त्री, बंद पडली."

वळलो. मोटार तिच्या दोन्ही हातांत होती आणि स्क्रूला आधीच लाल दोरा बांधलेला होता. चेहरा अगदी गंभीर. सव्विसाव्या वर्षी माझा होता तसा.

मला सगळं पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं. तरी जवळ सरकलो.

"भारीच बिघाड आहे," मी म्हणालो. "दोन तास लागतील."

ती स्टुलावर बसली.